साधने आली, पदे कुठे आहेत?
विद्यापीठातील विज्ञान-अध्यापनाच्या कार्यकर्त्यांविषयी

(मध्य प्रदेशातील मराठीभाषक कॉम्रेड्सच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा पाठ)



आजच्या वर्गासाठी माझ्याकडे सोपविलेला विषय प्रथमदर्शनी फार मर्यादित वाटेल. विद्यापीठांमध्ये काही अध्यापक असे असतात की, पदार्थविज्ञान किंवा रसायनशास्त्र हा त्यांचा विषय असतोच. परंतु ते विज्ञान शाळेत आणि महाविद्यालयात कसे शिकवले जावे, त्यासाठी वर्गात कोणती साधने असावीत, हेच त्यांनी आपल्या आयुष्याचे काम मानलेले असते. अशा अध्यापकांच्या नोकरीचे, बढतीचे आणि एकूण कारकिर्दीचे काय होते, हा आपला आजचा प्रश्न आहे. देशातील कष्टकऱ्यांच्या प्रचंड संख्येपुढे ही माणसे मूठभर आहेत. मग त्यांच्या कारकिर्दीची चिंता आपण का वाहावी?

याचे उत्तर अगदी सरळ आहे. खेड्यातल्या सहावीच्या मुलीच्या हातात भिंग येते की नाही, ती स्वतः प्रयोग करते की प्रयोगाचे वर्णन पाठ करते, हे बऱ्याच अंशी या मूठभर माणसांना काम करता येते की नाही यावर अवलंबून असते. त्यांच्या नोकरीच्या अटी हा म्हणूनच त्यांचा खाजगी प्रश्न राहत नाही.

मी स्वतः विज्ञानाचा विद्यार्थी नव्हे. कला शाखेची पदवी घेतली आणि पक्षाच्या कागदपत्रांचे व लेखांचे भाषांतर करणे हे काम पत्करले. आमच्या शाळेत एक सूक्ष्मदर्शक होता. तो काचेच्या कपाटात असे. शाळा-तपासणीच्या दिवशी शिपाई तो पुसून टेबलावर मांडीत आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा कपाटात जाई. पाच वर्षांत त्याच्या नळीत डोळा लावून पाहण्याची पाळी माझ्यावर आली नाही. दहावीनंतर मी कला शाखेकडे गेलो, तेव्हा घरच्यांची आणि माझीही पक्की समजूत होती की, विज्ञान मला झेपत नाही. पुढे शिक्षणविषयक दस्तऐवज भाषांतरासाठी माझ्याकडे येऊ लागले. ते मराठीत आणताना हळूहळू उमगले की, दोष डोक्यात होता असे म्हणण्यापूर्वी त्या कपाटाच्या कुलपाची चौकशी व्हायला हवी होती. आज ती चौकशी मी आपणापुढे मांडणार आहे.

१. होशंगाबादचा धडा

या राज्यात राहणाऱ्या आपणांस उदाहरणासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आज ज्या जिल्ह्याला नर्मदापुरम म्हणतात, त्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा ग्रामीण शाळांमध्ये एक कार्यक्रम सुरू झाला. 'होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम' या नावाने तो पुढे देशभर ओळखला गेला. किशोर भारती आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी राज्य शासनाच्या परवानगीने तो हाती घेतला. इयत्ता सहावी ते आठवीच्या सरकारी शाळांत विज्ञान प्रयोगाद्वारे शिकवायचे, एवढीच मूळ कल्पना होती.

पण या 'एवढ्या'मध्ये किती गोष्टी आल्या, ते पाहा. मुलांनी चार-चारांच्या टोळ्या करून स्वतः प्रयोग करावयाचे. त्यासाठी महागड्या प्रयोगशाळेऐवजी स्वस्त किट. पुस्तकाचे नाव 'बाल वैज्ञानिक'. त्यात उत्तरे छापलेली नसत, ती मुलांनी प्रयोगातून काढावयाची. परीक्षेत पुस्तक आणि वही उघडी ठेवण्यास मुभा, आणि जोडीला प्रयोगाची परीक्षा. शिक्षकांसाठी उन्हाळ्यात प्रदीर्घ प्रशिक्षण, दर महिन्याला बैठक आणि शाळेत जाऊन केलेले 'अनुवर्तन'. अनुवर्तन या शब्दाकडे भाषांतरकार म्हणून माझे मुद्दाम लक्ष जाते. तपासणी करणारा चुका टिपून निघून जातो. अनुवर्तनासाठी येणारा शिक्षकाशेजारी बसतो, प्रयोग का फसला ते त्याच्याबरोबर शोधतो आणि ते शोधलेले पुढच्या आवृत्तीत घालतो.

हे काम कोणी केले? त्यात खेड्यातले शिक्षक होते, तसेच विद्यापीठांचे आणि संशोधनसंस्थांचे वैज्ञानिकही होते. किशोर भारतीचे संस्थापक अनिल सद्गोपाल हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील नोकरी सोडून येथे आलेले जीवशास्त्रज्ञ. त्याच संस्थेतील शास्त्रज्ञांनी त्याआधी मुंबई महापालिकेच्या शाळांत प्रयोगाधिष्ठित विज्ञानाचा प्रयत्न करून पाहिला होता. १९७३ पासून दिल्ली विद्यापीठातील अध्यापकांचा एक गट या कामात आला. मध्य प्रदेशातील महाविद्यालयांचे प्राध्यापकही प्रशिक्षणासाठी आणि अनुवर्तनासाठी येऊ लागले. १९७८ मध्ये हा कार्यक्रम संपूर्ण जिल्ह्यात लागू झाला. १९८२ मध्ये त्याच्या विस्तारासाठी 'एकलव्य' ही संस्था स्थापन झाली. पुढे पंधरा जिल्ह्यांतील शेकडो शाळा त्यात आल्या.

आणि २००२ साली राज्य शासनाने हा कार्यक्रम बंद केला. संपूर्ण राज्यात एकच पाठ्यपुस्तक असावे, असा युक्तिवाद त्यावेळी पुढे करण्यात आला. देशभरातील वैज्ञानिकांनी व शिक्षणतज्ज्ञांनी निषेध नोंदविला, पण निर्णय फिरला नाही. तीस वर्षे उभे राहिलेले काम एका आदेशाने थांबले.

ते का थांबू शकले, याचा विचार करताना आपण साधारणपणे शासनाच्या धोरणाकडे बोट दाखवतो, आणि ते योग्यच आहे. तथापि माझ्या मते आणखी एक कारण आहे. ते आपल्या नजरेतून निसटते.

२. उसनी माणसे

दिल्लीचे अध्यापक होशंगाबादला येत होते ते कोणत्या नात्याने? विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यांच्यासाठी फेलोशिप दिल्या होत्या. कोणी रजा काढून आले, कोणी सुटीत आले, कोणी प्रतिनियुक्तीवर आले. त्यांचे मूळ पद मात्र पदार्थविज्ञानाचे किंवा रसायनशास्त्राचे राहिले. परत गेल्यावर त्यांच्या बढतीचा विचार त्या विषयातील शोधनिबंधांवरूनच व्हावयाचा. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर, हे काम उसन्या माणसांनी उसन्या वेळात केलेले होते.

ज्यांना हे मान्य झाले नाही, त्यांना पूल तोडावे लागले. विनोद रैना यांनी दिल्ली विद्यापीठातील पदार्थविज्ञानाची अध्यापकी सोडली आणि ते एकलव्यच्या संस्थापकांपैकी एक झाले. पुढे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या घडणीतही त्यांचा मोठा वाटा होता. २०१३ साली ते गेले. अरविंद गुप्ता हे कानपूरच्या आयआयटीमधून बाहेर पडलेले इंजिनियर. पुण्याच्या टेल्कोतून वर्षभराची रजा घेऊन ते १९७८ मध्ये होशंगाबादला आले. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि आगकाड्या यांच्यापासून भूमितीचे आकार व रेणूंची प्रतिरूपे करण्याची युक्ती तेथेच निघाली. रबरी नळीचे छोटे तुकडे आणि काही काड्या. एवढ्यावर मूल त्रिकोण करते, चौकोन करते, आणि त्रिकोण दाबला तर मोडत नाही पण चौकोन कलतो, हे बोटांनी शिकते. वर्गातील तंत्रज्ञान म्हणतात ते हेच, असे मला वाटते. पुढे २००३ पासून पुण्याच्या 'आयुका'मधील मुलांच्या विज्ञानकेंद्रात त्यांना स्थिर जागा मिळाली. यातील गंमत ध्यानात घ्या: विज्ञान कसे शिकवावे हे ज्याला कळते, त्याला जागा दिली ती खगोलशास्त्राच्या संस्थेने.

अपवाद नव्हते असे नाही. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने १९६० च्या दशकात अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर येथे प्रादेशिक शिक्षण महाविद्यालये काढली. तेथे विषयाचे ज्ञान आणि अध्यापनाचे ज्ञान एकाच छताखाली आणण्याचा प्रयत्न झाला. मुंबईत १९७४ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आश्रयाने होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झाले. त्याचे संस्थापक-संचालक वि. गो. कुलकर्णी हेही मूळचे पदार्थवैज्ञानिक. विज्ञानशिक्षण या विषयातच डॉक्टरेट करण्याची सोय तेथे झाली. दिल्ली विद्यापीठानेही पुढे विज्ञान शिक्षण व संप्रेषणाचे केंद्र स्थापन केले. परंतु एवढ्या मोठ्या देशात अशी ठिकाणे बोटांवर मोजण्याइतकीच राहिली. बाकी सर्वत्र विज्ञान विभाग म्हणतो, हे शिक्षणशास्त्राचे काम. आणि शिक्षणशास्त्र विभाग म्हणतो, तुम्हाला आमची पदवी नाही. दोन विभागांच्या मधल्या बोळात हा अध्यापक आयुष्यभर उभा राहतो.

माझे म्हणणे असे की, होशंगाबादचे काम बंद करणे शासनाला सोपे गेले, याचे एक कारण हेही होते: विद्यापीठांच्या रचनेत त्या कामाला स्वतःची जागाच नव्हती. एखादा विभाग बंद करायचा तर अधिसभा आहे, विद्वत्सभा आहे, नोकरीच्या अटी आहेत, न्यायालय आहे. सदिच्छेवर चाललेले काम थांबवायला एक पत्र पुरते.

३. साधनांची वरात

आता याच काळातील दुसरी बाजू पाहू. माणसांना जागा मिळत नव्हती, तेव्हा साधनांना मात्र ती सतत मिळत होती.

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात 'साइट' नावाचा उपग्रह-दूरदर्शनचा प्रयोग झाला. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत सामुदायिक दूरदर्शन संच बसविण्यात आले. मध्य प्रदेश त्यांपैकी एक होता. सकाळी शाळेतील मुलांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी प्रौढांसाठी. अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राचे तत्कालीन संचालक यशपाल हे होशंगाबादच्या कार्यक्रमाचेही पाठीराखे होते. साइटमध्ये कल्पकता होती, ग्रामीण मुलांविषयी खरी आस्था होती. प्राथमिक शिक्षकांचे विज्ञान-प्रशिक्षणही त्या माध्यमातून झाले. परंतु उपग्रह अमेरिकेकडून वर्षभरासाठी उसना आणलेला होता. वर्ष संपले आणि तो परत गेला.

१५ ऑगस्ट १९८४ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाचा 'कंट्रीवाइड क्लासरूम' दूरदर्शनवर सुरू झाला. त्यासाठी पुण्यासह काही विद्यापीठांत चित्रफितींची निर्मितीकेंद्रे उभी राहिली. त्याच सुमारास 'क्लास' या योजनेखाली शाळांना ब्रिटिश बनावटीचे बीबीसी मायक्रो संगणक देण्यात आले. २० सप्टेंबर २००४ रोजी केवळ शिक्षणासाठी असा 'एज्युसॅट' उपग्रह सोडण्यात आला. २०१० मध्ये त्याचे काम संपले. २०१७ मध्ये 'स्वयम्' हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्यासपीठ आले. २०२० च्या महामारीत शाळाच बंद झाल्या आणि मोबाइलचा पडदा हाच वर्ग बनला. ज्या घरात एकच मोबाइल आणि शिकणारी मुले तीन, त्या घरात विज्ञानाचा तास कोणाच्या वाट्याला आला असेल, हे आपणांस सांगावयास नको.

मी साधनांचा विरोधक नाही. रबरी नळी हे साधन आहे आणि उपग्रह हेही साधन आहे. त्यांच्यातला भेद किमतीपुरता नाही. रबरी नळीची युक्ती वर्गात, मुलांसमोर आणि शिक्षकांच्या सोबत जन्मली. त्यामुळे ती मोडली तर शिक्षक ती दुरुस्त करू शकत होता, न पटली तर बदलू शकत होता. वरून आलेले साधन बिघडले की ते झाकून ठेवण्यापलीकडे शिक्षकाच्या हाती काही उरत नाही. आमचा सूक्ष्मदर्शकही साधनच होता. त्याची किल्ली शिक्षकाकडे नव्हती एवढेच.

असे असूनही साधनांना प्राधान्य का मिळते? साधन विकत घेता येते, त्याची निविदा निघते, त्याची संख्या अहवालात छापता येते, त्याचे उद्घाटन होते. शिक्षकाच्या शेजारी बसण्याची निविदा निघत नाही. शिवाय अलीकडे या क्षेत्रात खाजगी भांडवल मोठ्या प्रमाणावर उतरले आहे. २०२२ मध्ये ज्या 'बायजूज' कंपनीचे मूल्य २२ अब्ज डॉलर सांगितले जात होते, तिच्यावर २०२४ मध्ये दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली. हप्त्यांनी अभ्यासक्रम घेणारे पालक आणि कामावरून कमी केलेले तिचे कर्मचारी यांना या मूल्याचा खरा अर्थ तेव्हा कळला.

४. गुणांचा तक्ता

आता विद्यापीठातील अध्यापकाच्या टेबलावरचा एक कागद पाहू. २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापकांच्या कामाचे गुणांकन सुरू केले. २०१८ च्या विनियमांनी त्यात बदल करून संशोधन-गुणांचा नवा तक्ता दिला. त्या तक्त्यात विज्ञान शाखेतील एका शोधनिबंधाला ८ गुण ठेवले होते. चार श्रेयांकांचा संपूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रम तयार करण्यास २० गुण. आणि नावीन्यपूर्ण अध्यापनपद्धती विकसित करण्यास ५ गुण.

हे तीन आकडे शेजारी ठेवून वाचावेत, अशी माझी विनंती आहे. समजा, रसायनशास्त्राच्या एखाद्या प्राध्यापिकेने तीन वर्षे खपून तालुक्यातील शाळांसाठी आम्ल-अल्कलीचे स्वस्त प्रयोग बसविले. जास्वंदीच्या फुलांचा रस आणि हळदीचा कागद वापरून. शिक्षकांबरोबर ते वर्गात करून पाहिले, फसले ते सुधारले. तिच्या वाट्याला, मोठ्या मनाच्या समितीकडून, ५ गुण. तिच्याच सहकाऱ्याने ठरावीक पाठ कॅमेऱ्यासमोर वाचून अभ्यासक्रम पुरा केला, तर २० गुण. तिचे शाळाभेटीचे काम 'विस्तारकार्य' या शब्दाखाली इतर अनेक कामांच्या यादीत एक उपकलम म्हणून येते. त्याला स्वतंत्र गुण नाहीत. ती प्राध्यापिका दुसऱ्या वर्षी काय करील? तिला दोष देण्यात अर्थ नाही. तक्ता बोलतो आणि माणसे ऐकतात.

ऑनलाइन अभ्यासक्रम तयार करणे हलके काम आहे, असे मी म्हणत नाही. चांगला अभ्यासक्रम करणाऱ्याला श्रम पडतात. माझा आक्षेप मापनाला आहे. यंत्रात साठवून पुन्हा पुन्हा चालविता येईल ते श्रम मोठे, आणि समोरच्या मुलापाशी खर्च होणारे श्रम लहान, असे हे माप आहे. मालाचे मोल जाणणारी आणि जिवंत श्रमाचे मोल न जाणणारी ही दृष्टी आपणांस अपरिचित नाही.

याचा पुढचा टप्पाही पाहा. एखाद्या कार्यक्रमातील किती अभ्यासक्रम 'स्वयम्'वरून घेता येतील, याची मर्यादा २०१६ मध्ये २० टक्के होती. २०२१ मध्ये ती ४० टक्के करण्यात आली. दूरच्या विद्यार्थ्याला चांगले शिक्षक ऐकायला मिळाले तर ते स्वागतार्हच आहे. पण जे पाठ पडद्यावरून होतील, त्यांच्या तासांचा कार्यभार कोणत्या पदांतून वजा होणार? आधीच असंख्य महाविद्यालये तासिका तत्त्वावरील अध्यापकांवर चालतात. आयोगाने २०१९ मध्ये अतिथी अध्यापकांसाठी दर व्याख्यानाला १,५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपये असा दर सुचविला. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी तेवढेही हाती येत नाही. तासावर पैसे मिळविणारा अध्यापक शाळेत जाऊन अनुवर्तन करील, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी? त्याला प्रयोगाची तयारी करण्याच्या वेळेचे देखील पैसे मिळत नाहीत.

जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने नव्या विनियमांचा मसुदा प्रसृत केला. त्यात गुणांच्या तक्त्याऐवजी नऊ प्रकारच्या उल्लेखनीय योगदानांची यादी होती. नावीन्यपूर्ण अध्यापन, अध्यापनाच्या प्रयोगशाळेची उभारणी, भारतीय भाषांतील अध्यापन, समाजाशी संबंधित काम यांना त्यात नावाने स्थान होते. त्याच ओळीत ऑनलाइन सामग्री आणि नवउद्योगही होते. कुलगुरूंच्या निवडीसंबंधीच्या तरतुदींमुळे या मसुद्यावर मोठा वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. परंतु त्या गदारोळात योगदानांच्या यादीवर आपण फारसे बोललो नाही. योगदान कोणते हे समिती ठरविणार असेल, तर त्या समितीत वर्गात उभे राहिलेला कोण असेल, हा प्रश्न आपण विचारायला हवा होता.

५. भाषेचा भाग

एक मुद्दा माझ्या व्यवसायाचा. होमी भाभा केंद्राने आपल्या सुरुवातीच्या काळात शाळांतील विज्ञानाच्या भाषेचा अभ्यास केला. पाठ्यपुस्तकाची भाषा सोपी करून तोच आशय मुलांपुढे ठेवला, तेव्हा मुलांचे आकलन सुधारले. म्हणजे अडत होते ते विज्ञान नव्हे. अडत होते वाक्य.

हे वाचून मी, खरे सांगतो, ओशाळलो. मी स्वतः कितीतरी कागद 'शैक्षणिक तंत्रज्ञानाचे एकात्मीकरण' अशा शब्दांत मराठीत आणले आहेत आणि ते वाचणाऱ्या कार्यकर्त्याला त्यातून काय दिसणार, हे स्वतःला विचारलेले नाही. विज्ञानाच्या अध्यापकाला जसा स्वस्त प्रयोग शोधावा लागतो, तसे सोपे वाक्यही शोधावे लागते, आणि ते काम मातृभाषेत शिकविणाऱ्या शिक्षकाच्या मदतीवाचून होत नाही. या कामाचीही विद्यापीठाच्या खात्यात नोंद नाही. पुस्तकाच्या भाषांतराला २०१८ च्या तक्त्यात ८ गुण होते. सातवीच्या मुलाला समजेल असा एक पाठ लिहिण्याला स्वतंत्र ओळ नव्हती.

६. दुसरे मार्ग

हे सर्व अटळ आहे काय? दोन उदाहरणे पाहू.

सोव्हिएत संघात थोर गणिती कल्मगोरोव यांच्या पुढाकाराने १९६३ मध्ये मॉस्को विद्यापीठाशी संलग्न अशी निवासी शाळा निघाली. जगन्मान्य संशोधक स्वतः तेथे मुलांना शिकवीत. १९७० मध्ये पदार्थवैज्ञानिक किकोइन आणि कल्मगोरोव यांच्या संपादनाखाली 'क्वांत' हे शाळकरी मुलांचे गणित-भौतिकीचे मासिक सुरू झाले. विद्यापीठातील सर्वोच्च माणसाने शाळेत शिकविणे ही तेथे कमीपणाची गोष्ट राहिली नाही. तथापि हेही सांगितले पाहिजे की, त्याच कल्मगोरोव यांच्या मार्गदर्शनाखाली झालेल्या शालेय गणिताच्या पाठ्यपुस्तकांवर सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस गणितज्ञांनीच कठोर टीका केली. १९८० मध्ये पोंत्र्यागिन यांनी ती 'कम्युनिस्त' या पक्षाच्या सैद्धान्तिक नियतकालिकात मांडली. पुस्तके फारच अमूर्त झाली, असा तिचा रोख होता. बोध असा की, प्रतिभा मोठी असली तरी सामान्य वर्गाच्या कसोटीवाचून ती शाळेत टिकत नाही. होशंगाबादची मासिक बैठक नेमकी ती कसोटी होती.

दुसरे उदाहरण केरळचे. तेथे २००१ मध्ये 'आयटी अॅट स्कूल' हा प्रकल्प सुरू झाला आणि २०१७ मध्ये त्याचे 'काइट' या शासकीय कंपनीत रूपांतर झाले. त्यात मुक्त सॉफ्टवेअरचा अवलंब करण्यात आला, म्हणजे दरवर्षी परवान्याचे पैसे परदेशी कंपनीला देण्याची गरज उरली नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रशिक्षक बाहेरून भाड्याने आणले नाहीत; शाळांतील शिक्षकांमधूनच ते तयार करण्यात आले. ४५ हजार वर्ग सुसज्ज करण्याची मोठी योजना नंतर आली; आधी माणसे तयार झाली होती. केरळातही प्रश्न सुटले असे नाही. पण क्रम बरोबर होता.

७. आपली कामे

कॉम्रेड्स, आता आत्मपरीक्षण. अध्यापकांच्या चळवळीत आपले लोक अनेक वर्षे काम करीत आहेत. वेतनश्रेणीसाठी, निवृत्तिवेतनासाठी, कंत्राटी नेमणुकांविरुद्ध आपण लढलो आणि ते योग्यच होते. परंतु 'काम' कशाला म्हणावे, हे ठरविण्याचा अधिकार आपण जवळजवळ संपूर्णपणे वरच्यांकडे सोडून दिला. विज्ञानशिक्षण हा आपल्यातील काही हौशी मंडळींचा विषय, असे मानून आपण त्यांना टाळ्या दिल्या. त्यांच्या पदासाठी ठराव केला नाही. एकलव्यच्या लोकांशी आपले मतभेद असतील, पण २००२ मध्ये होशंगाबादचा कार्यक्रम बंद होत असताना आपल्यापैकी किती जण रस्त्यावर उतरले, याचे उत्तर ज्याने त्याने स्वतःला द्यावे.

माझ्या मते चार कामे आपल्यापुढे आहेत.

पहिले, विद्यापीठांच्या विज्ञान विभागांमध्ये विज्ञान-अध्यापनासाठी कायम पदे निर्माण व्हावीत, ही मागणी अध्यापक संघटनांच्या मागणीपत्रात यावी. उसनी माणसे पुरे झाली.

दुसरे, शाळेत जाऊन केलेले काम, तयार केलेला स्वस्त प्रयोग, लिहिलेला सोपा पाठ यांची पदोन्नतीत स्वतंत्र मोजणी व्हावी, आणि मोजणाऱ्या समितीत शाळेतील शिक्षकाला स्थान असावे. ज्याच्यासाठी काम केले, त्याचे मत त्या कामाविषयी घेतलेच पाहिजे.

तिसरे, कोणतेही साधन विकत घेण्यापूर्वी ते वापरणाऱ्या शिक्षकांची बैठक व्हावी, आणि साधनावरील प्रत्येक खर्चाबरोबर प्रशिक्षणावरील आणि दुरुस्तीवरील खर्च बांधलेला असावा. जिल्हा परिषद, नगरपालिका, शाळा व्यवस्थापन समिती यांत आपले जे सभासद आहेत, त्यांना हे काम उद्यापासून करता येईल.

चौथे, तासिका तत्त्वावरील विज्ञान-अध्यापकांना प्रयोगाच्या तयारीच्या वेळेचे वेतन मिळावे. ही मागणी लहान दिसते, पण तीत सगळा प्रश्न आला आहे. तयारीचा वेळ हे श्रम आहेत, एवढे एकदा मान्य झाले की पुढचे बरेच काही मान्य करावे लागते.

ही कामे पार पडली तरी प्रत्येक मूल शास्त्रज्ञ होईल, असे मी म्हणत नाही. मीही कदाचित भाषांतरकारच झालो असतो, आणि त्या कामात मला आनंद आहे. पण विज्ञान आपल्याला झेपत नाही हा निकाल स्वतःविरुद्ध देण्यापूर्वी मी एकदा तरी त्या नळीत डोळा लावून कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी पाहिलेल्या असत्या. आपल्या गावातील शाळेत असे कपाट आहे का, आणि त्याची किल्ली कोणाकडे आहे, एवढी चौकशी येथून परत गेल्यावर आपण प्रत्येकाने करावी आणि पुढच्या बैठकीत तिचा अहवाल द्यावा, अशी विनंती करून मी माझे भाषण संपवितो.